काचटाकीतील रंगीत कोळंबी

कोळंबी म्हटले की मराठी माणसाला आधी कालवण आठवते आणि मग खिचडी. त्याच कोळंबीची जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर लांबीची भावंडे तांबडी, निळी, पिवळी होऊन दिवाणखान्यातील काचेच्या टाकीत वावरू लागली, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. जपान, तैवान आणि जर्मनी या देशांत फोफावलेला हा छंद भारतातील शहरांतही रुजला आहे. शोभिवंत मासे विकणाऱ्या दुकानांत 'रेड चेरी' नावाची कोळंबी मिळते, आणि ती पाळणे गोल्डफिश पाळण्याहूनही सोपे, अशी हमी दुकानदार देतो. ती अर्धीच खरी मानावी. कोळंबीला पिल्ले व्हावीत म्हणून माणसाला फारसे काही करावे लागत नाही. पाणी स्थिर ठेवणे आणि रंग टिकवणे ही दोन कामे मात्र त्याचीच असतात. पहिले चुकले तर टाकी रिकामी होते आणि दुसरे चुकले तर काही पिढ्यांत तिच्यातील कोळंबी मातकट होते.

बाजारातील रंगीत कोळंब्या मुख्यतः ॲटिडी या कुळातील दोन प्रजातींमधल्या असतात : निओकॅरिडिना आणि कॅरिडिना. ताटात येणाऱ्या कोळंबीची कुळे वेगळी. ॲटिडी कुळातील प्राण्यांच्या पुढच्या नांग्यांच्या टोकांना केसांचे बारीक कुंचले असतात. दगड, पान, काच, लाकूड, जे सापडेल त्यावरचे शेवाळ आणि सूक्ष्मजीवांचा चिकट थर या कुंचल्यांनी खरवडून तोंडात घालण्याचे त्यांचे काम अखंड चालू असते. शिकार करणे त्यांच्या स्वभावात नाही. त्यांचीच शिकार सर्वांकडून होते.

'रेड चेरी', 'ब्लू ड्रीम', 'यलो', 'ब्लडी मेरी' अशी नावे स्वतंत्र जातींची वाटली तरी ही सारी मंडळी निओकॅरिडिना डेव्हिडी या एकाच जातीची. चीनचा पूर्व भाग, कोरिया आणि तैवान हा तिचा मूळ मुलूख. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ बूव्हिए यांनी १९०४ मध्ये तिचे वर्णन केले. जातिनामातील 'डेव्हिड' म्हणजे चीनमध्ये प्राणी-वनस्पतींचा संग्रह करणारे धर्मोपदेशक आर्मां डेव्हिड. पाश्चात्त्य जगाला पांडाची ओळख करून देणारे तेच. या कोळंबीला पुढे बराच काळ 'हेटेरोपोडा' या नावाने ओळखले जाई. २०१३ मध्ये जुने नाव पुन्हा रूढ झाले. जुन्या पुस्तकांत वेगळे नाव दिसल्यास गोंधळून जाऊ नये.

दुसरा गट कॅरिडिनाचा. पांढऱ्या अंगावर लाल पट्ट्यांची 'क्रिस्टल रेड', काळ्या पट्ट्यांची 'क्रिस्टल ब्लॅक' आणि तैवानमध्ये विकसित झालेल्या 'किंग काँग', 'पांडा', 'ब्लू बोल्ट' या त्यातील मानाच्या कोळंब्या. त्यांचे मूळ हाँगकाँग व दक्षिण चीनमधील डोंगरी ओढ्यांत आहे. थंड, आम्लधर्मी आणि अत्यल्प क्षारांच्या पाण्याची त्यांना सवय असते. देखणेपणात त्या चेरीच्या कितीतरी पुढे आहेत आणि नाजूकपणातही. नवख्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. पहिले वर्ष चेरीवर हात बसवावा, हेच शहाणपणाचे.

तिसरे एक नाव दुकानात हमखास ऐकू येते, ते 'अमानो' कोळंबीचे. जपानी छायाचित्रकार आणि जलोद्यानकार ताकाशी अमानो (१९५४-२०१५) यांनी आपल्या टाक्यांतील शेवाळ आटोक्यात ठेवण्यासाठी ही कॅरिडिना मल्टिडेंटाटा जातीची कोळंबी वापरली आणि ती जगभर गेली. शेवाळ खाण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. परंतु पैदाशीच्या हेतूने ती घेणाऱ्याची निराशा ठरलेली. तिच्या अंड्यांतून सूक्ष्म अळ्या बाहेर पडतात आणि त्यांना वाढण्यासाठी खारे पाणी लागते. निसर्गात त्या ओढ्याबरोबर समुद्राकडे वाहत जातात व मोठ्या झाल्यावर परततात. चेरी आणि क्रिस्टल यांच्या अंड्यांतून मात्र थेट दोन मिलिमीटरची, हुबेहूब आईसारखी पिल्ले निघतात. घरगुती पैदास शक्य होते ती या एका गुणामुळे.

टाकी आणि पाणी

दीड फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत सुमारे चाळीस लिटर पाणी मावते. सुरुवातीला ती पुरेशी आहे. त्याहून लहान टाकी स्वस्त पडते, पण पाणी जितके कमी तितके ते लवकर बिघडते. पाणी गाळण्यासाठी हवेच्या पंपावर चालणारा स्पंजचा फिल्टर सर्वांत चांगला; मोटरच्या फिल्टरमध्ये पिल्ले ओढली जातात. स्पंजवर साचणारा मळ हे पिलांचे आवडते कुरणही असते. टाकीत जावा मॉसचे दोन-चार पुंजके, एखादे लाकूड आणि तळाला गडद रंगाची बारीक खडी असली की घर तयार झाले.

घर तयार झाले, पण राहण्याजोगे झाले नाही. प्राण्यांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो कोळंबीला विषारी असतो. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि दुसरे काही त्याचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या जीवाणूंची वस्ती स्पंज आणि खडीत वाढण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी चालू ठेवून वाट पाहावी लागते. रविवारी टाकी आणून संध्याकाळी तीत कोळंबी सोडणाऱ्यांची कोळंबी पुढचा रविवार क्वचितच पाहते. महिनाभर थांबलेल्या टाकीच्या काचेवर हिरवट-तपकिरी थर धरला, की तेथे खाणे आणि स्वच्छता या दोन्हींची सोय झाली असे समजावे.

पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, चेरीसाठी ६.८ ते ७.८ या दरम्यान चालतो. विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, अर्थात टीडीएस, १५० ते २५० असावे. घरोघरी पाणी शुद्ध करण्याची यंत्रे आल्यापासून टीडीएस मोजण्याचे पेनाएवढे उपकरण सर्वत्र मिळते. ते अवश्य घ्यावे. मुंबई-पुण्याला धरणांतून येणारे पाणी पावसाचे असल्यामुळे मृदू असते. ते चेरीलाही कधी कधी कमी क्षारांचे ठरते. त्यात कोळंबीसाठीचे क्षारमिश्रण घालावे लागते. उपनगरांतील ज्या संकुलांत बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी मिसळले जाते, तेथे नेमके उलट घडते. क्रिस्टलसाठी तर शुद्धीकरण यंत्रातून काढलेले जवळपास क्षारविरहित पाणी घेऊन त्यात मोजून क्षार घालणे आणि तळाला सामू उतरवणारी खास माती वापरणे याला पर्याय नाही. सामू ६ ते ६.५ च्या आसपास आणि तापमान २० ते २४ अंश सेल्सिअस, इतके तिचे लाड असतात.

नळाच्या पाण्यातील क्लोरिन उडून जाण्यासाठी ते पसरट भांड्यात एक-दोन दिवस उघडे ठेवावे किंवा त्यात सोडियम थायोसल्फेटचे थेंब टाकावेत. भांडे मात्र तांब्याचे नको. कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे हिमोसायनिन हे द्रव्य तांब्यावर आधारलेले असते. तरीही पाण्यात विरघळलेले तांबे अत्यल्प प्रमाणातही तिला मारक ठरते. आरोग्यासाठी रात्रभर तांब्याच्या कळशीत ठेवलेले पाणी माणसाने खुशाल प्यावे, टाकीत ओतू नये. माशांच्या अनेक औषधांतही तांबे असते. औषध आणताना वेष्टनावरील मजकूर वाचणे त्यामुळे आवश्यक ठरते.

पाणी बदलताना घाई नको. आठवड्याला दहा टक्के पाणी, तेही टाकीतील पाण्याच्या तापमानाचे, सावकाश घालावे. एकदम अर्धी टाकी बदलली की क्षारांचा तोल ढळतो, कोळंबी अकाली कात टाकते आणि तीतच दगावते. बाष्पीभवनाने घटलेली पातळी भरून काढायची असेल तर क्षारविरहित पाणी वापरावे. वाफ होऊन पाणी जाते, क्षार मागेच राहतात. दर वेळी नळाचेच पाणी भरत राहिल्यास टीडीएस महिन्यामहिन्याने चढत जातो आणि 'पाणी तर नियमित भरतो, तरी कोळंबी मरते' अशी तक्रार सुरू होते.

उन्हाळा आणि डास

परदेशी पुस्तकांत टाकी गरम ठेवण्याच्या यंत्राचे वर्णन असते. महाराष्ट्रात प्रश्न उलटा आहे. चेरी २० ते २६ अंशांत सुखी असते, २८ पर्यंत निभावते. तिशीपार पैदास मंदावते आणि उष्मा लांबला तर मृत्यू सुरू होतात. उष्णतेबरोबर पाण्यातील प्राणवायूही घटतो : २० अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना जेमतेम ७.५. म्हणजे शरीराला प्राणवायू अधिक लागू लागतो तेव्हाच तो कमी उपलब्ध असतो.

पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालणारा छोटा पंखा हा सर्वांत स्वस्त उपाय. बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. नागपूर, अकोल्याच्या कोरड्या हवेत हा पंखा चांगले काम करतो. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत त्याचा उपयोग निम्म्यावर येतो. अशा वेळी टाकी खिडकीपासून दूर, घरातील सर्वांत थंड भिंतीला ठेवणे आणि दिवे दुपारी बंद ठेवून संध्याकाळी लावणे हे साधे उपाय कामी येतात. वीज जाण्याचा त्रास असेल तेथे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असावा. टाकी मांडण्यासाठी पावसाळा सरल्यानंतरचा काळ उत्तम. वसाहत नोव्हेंबरात स्थिरावली तर हिवाळाभर पिल्ले होतात, आणि एप्रिल-मेमध्ये काही गेली तरी वंश उरतो.

दुसरा शत्रू माणूस स्वतःच घरात आणतो. डास पळवणारी वडी, द्रवाची कुपी, झुरळांवरचा फवारा यांत बहुधा पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके असतात. माणसाला ती फारशी जाणवत नाहीत. कोळंबी मात्र कीटकांचीच दूरची नातलग आहे, आणि ही द्रव्ये तिच्या मज्जासंस्थेवर तसाच घाला घालतात. बंद खोलीत रात्रभर कुपी चालू असेल तर हवेचा पंप तीच हवा पाण्यात सोडत राहतो. सकाळी सारी टाकी आडवी झालेली दिसते आणि दोष पाण्याला दिला जातो. कोळंबीच्या खोलीत मच्छरदाणी वापरावी, हाच खरा उपाय. सोसायटीत धूरफवारणी होणार असेल त्या दिवशी खिडक्या लावून टाकीवर ओले कापड झाकावे आणि पंप थोडा वेळ बंद ठेवावा. बाजारातून आणलेल्या पाणवनस्पतीही कीटकनाशकात बुडवलेल्या असू शकतात. त्या आठवडाभर वेगळ्या बादलीत, पाणी बदलत ठेवून मगच टाकीत घालाव्यात.

खाण्याच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. दिवसाआड, दोन-तीन तासांत संपेल इतकेच अन्न पुरते. उकळत्या पाण्यातून काढलेले पालकाचे पान, सोललेल्या काकडीची चकती, तुतीचे पान हे सारे चालते. भाज्या मात्र स्वच्छ धुतलेल्या हव्यात. सर्वांत उत्तम खाद्य मुंबईत फुकट पडलेले असते. रस्त्याकडेच्या देशी बदामाची, फवारणी व धुरापासून दूर असलेल्या झाडाखालची, पिकून लाल-तपकिरी होऊन गळलेली कोरडी पाने धुऊन पाण्यात टाकावीत. त्यांतील टॅनिनमुळे पाण्याला चहासारखा रंग येतो. कुजणाऱ्या पानावर जो सूक्ष्मजीवांचा थर धरतो, त्यावर पिल्ले आठवडेच्या आठवडे चरतात. परदेशात हीच पाने पाकिटातून विकली जातात.

कात, खोगीर आणि अंडी

कोळंबीची वाढ कात टाकून होते. अंगावरचे कवच वाढत नाही. ते सोडून नवे धारण करावे लागते. पिल्ले जवळजवळ दर आठवड्याला, प्रौढ कोळंब्या तीन ते सहा आठवड्यांनी कात टाकतात. टाकीच्या तळाशी पडलेली पारदर्शक कात पाहून नवखा माणूस हळहळतो. ओळख सोपी आहे : कात पोकळ व काचेसारखी असते, मेलेली कोळंबी दुधट किंवा गुलाबी होते. कात काढून टाकू नये. त्यातील कॅल्शियमसाठी कोळंब्याच ती खाऊन टाकतात. मानेमागे पांढरे कडे दिसू लागले तर मात्र कवच चुकीच्या जागी फाटले असे समजावे. अशी कोळंबी बहुधा वाचत नाही आणि कारण बहुतेकदा क्षारांच्या चढउतारात सापडते.

मादी नरापेक्षा मोठी आणि अधिक गडद. तिच्या पोटाची खालची कड गोलाकार असते. अडीच-तीन महिन्यांची झाली की डोक्यामागे पाठीवर पिवळट किंवा हिरवट डाग दिसू लागतो. छंदिष्ट त्याला खोगीर म्हणतात. ती बीजकोशातील अंडी असतात. कात टाकल्यावर मादी पाण्यात गंधद्रव्य सोडते, आणि एरवी शांत चरणारे नर टाकीभर वेड्यासारखे पोहू लागतात. मीलन क्षणभराचे असते. त्यानंतर अंडी पोटाखालील पोहण्याच्या पायांना चिकटवली जातात. वीस-तीस अंड्यांचा हा घोस मादी तीन ते चार आठवडे वाहते, पायांनी सतत हलवून त्यांना ताजे पाणी पोचवते. पाणी उबदार असेल तर दिवस कमी लागतात. अखेरीस अंड्यांत दोन काळे ठिपके, म्हणजे पिलाचे डोळे, दिसू लागतात. मग दोन-चार दिवसांचाच अवधी उरतो.

पिलांसाठी वेगळी टाकी करण्याची गरज नाही, कारण मोठ्या कोळंब्या पिल्ले खात नाहीत. मासे मात्र खातात. गप्पीसारखा गरीब दिसणारा मासाही दोन मिलिमीटरचे पिल्लू सोडत नाही. पैदास हवी असेल तर टाकीत मासा नसावा. अपवाद फार तर शेवाळ खाणाऱ्या इवल्याशा ओटोसिंक्लसचा. दहा-पंधरा कोळंब्यांनी सुरू झालेली निर्वेध टाकी सहा-आठ महिन्यांत शंभरी ओलांडू शकते. वनस्पतींबरोबर येणारी चतुराची अळी, चपट्या प्लॅनेरियन कृमी आणि हायड्रा हे पिलांचे खरे वैरी. त्यांचा उगम बहुधा न धुतलेल्या मॉसमध्ये आणि वाढ अति खाद्यात असते.

रंगाची राखण

कोळंबी शिजवली की लाल का होते, याचे उत्तर रंगीत कोळंबीच्या टाकीतही उपयोगी पडते. ॲस्टॅझँथिन हे लाल द्रव्य तिच्या कवचात प्रथिनाला बांधलेले असते आणि त्या बंधनात ते निळसर-करडे दिसते. उष्णतेने प्रथिन मोडते आणि लाल रंग मोकळा होतो. ही रंगद्रव्ये कोळंबीला मुळापासून बनवता येत नाहीत. शेवाळातून मिळवावी लागतात. म्हणून आहार आणि तळाचा रंग यांचा परिणाम दिसतो. पांढऱ्या खडीवर तीच कोळंबी फिकट पडते, काळ्या खडीवर गडद होते. दुकानदार काळी खडी उगाच वापरत नाहीत.

परंतु आहाराने रंग खुलतो, निर्माण होत नाही. निसर्गातील निओकॅरिडिना मातकट, ठिपकेदार, जवळजवळ पारदर्शक असते, कारण ओढ्यात लाल दिसणे म्हणजे माशाला आमंत्रण. आजचे रंग माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करून टिकवलेले आहेत. क्रिस्टल रेडची कथा प्रसिद्ध आहे. जपानमधील हिसायासु सुझुकी यांना १९९० च्या दशकात काळ्या-पांढऱ्या कोळंबीच्या पिलांमध्ये लाल पट्ट्यांचे पिल्लू आढळले. लाल गुण अप्रभावी असल्यामुळे काळ्याशी संकर केल्यास सारी पिल्ले काळीच दिसतात. ती आपसात वाढली की चारांत एक या प्रमाणात लाल पुन्हा डोके वर काढतो. अशा पिलांची जोडी लावत सुझुकींनी लाल वाण स्थिर केले.

लाल, निळी, पिवळी अशा चेरी एकाच टाकीत सोडल्या की सुरुवातीला रांगोळी काढल्यासारखे दिसते. त्या एकाच जातीच्या असल्यामुळे आपसात जुगतात, आणि पुढच्या पिढ्यांत मातकट पिल्ले वाढत जातात. एका टाकीत एकच रंग, हा नियम म्हणूनच कडक. त्या एका रंगातही दर महिन्याला फिकट पिल्ले बाजूला काढावी लागतात. ही निवड मादीपुरती ठेवून चालत नाही. नर उपजतच फिके असल्याने त्यांच्याकडे दुर्लक्ष होते आणि वाण तेथूनच घसरते. वर्ष-दीड वर्षाने दुसऱ्याकडची त्याच रंगाची चार-पाच कोळंबी आणून मिसळावी, म्हणजे सततच्या जवळच्या नात्यातील संकराचे दुष्परिणाम टळतात. नवीन कोळंबी आणताना पिशवीतील पाण्यात टाकीचे पाणी थेंबाथेंबाने, तास-दोन तास मिसळत न्यावे.

बाजूला काढलेल्या कोळंब्यांचे काय करायचे, हा या छंदातील अवघड प्रश्न आहे. काही जण त्या माशांना घालतात, पुष्कळांना ते जमत नाही. दुसरी, साधी टाकी मांडून सगळे फिके आणि मिश्र रंग तेथे सोडणे हा मध्यममार्ग. एकदीड वर्षाचे त्यांचे आयुष्य त्या तेथे शेवाळ चरत काढतात, आणि शेजारच्या मुलांना पहिली कोळंबी द्यायला त्याच उपयोगी पडतात.

तलावात किंवा नदीत मात्र त्या कधीही सोडू नयेत. जर्मनीतील गिलबाख हा ओढा वीजकेंद्राच्या गरम सांडपाण्यामुळे हिवाळ्यातही उबदार राहतो. तेथे निओकॅरिडिना डेव्हिडीची वस्ती झाल्याचे संशोधकांना आढळले. हवाई बेटांवरही ती अशीच पसरली आहे. जेथे थंडीचा अडसर नाही तेथे तिला रोखणे आणखी कठीण. टाकीत नकोसा झालेला सकर मासा महाराष्ट्रातील जलाशयांत कसा माजला, हे मच्छीमार जाणतात. पश्चिम घाटातील ओढ्यांत कॅरिडिनाच्या स्थानिक जाती नांदतात. त्यांना परक्या भाऊबंदांची स्पर्धा आणि त्यांच्यासोबतचे परजीवी झेपतील, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. बदललेले पाणीही याच कारणाने नाल्यात न ओतता कुंड्यांना घालावे. त्यात एखादे पिल्लू गेलेच तर ते नदीपर्यंत पोचत नाही, आणि त्या पाण्यातील नायट्रेट तुळशीलाही मानवते.